काचखोलीतली दृष्ट

मनोरमा शेडगे कुणाला घाबरली, असं नवघरात कुणी म्हणणार नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पुरुषमंडळी पाण्याला वास का येतो यावर तासभर हुज्जत घालत बसली होती, तेव्हा ही बाई पदर खोचून गच्चीवर गेली, टाकीत वाकली आणि मेलेलं कबुतर पिशवीत घालून थेट सेक्रेटरीसमोर आणून ठेवलं. वर विचारलं, अजून एक चहा मागवू का? तर अशी ही मनोरमा. आणि हीच बाई आता रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, बँकेत, जिथे म्हणून भिंतीवर कॅमेरा दिसेल तिथे अंग चोरून उभी राहते. मान वर करून त्या काळ्या भिंगाकडे टक लावून बघते, आत कुणी आहे की नाही याचा अंदाज घेते. तिचे मिस्टर गुणवंतराव म्हणतात, अगं चल, लोक बघतायत. ती म्हणते, लोक बघतायत त्याचं काही नाही हो.

यामागची हकीकत ती कुणाला सांगत नाही. पण हकीकत आहे, आणि ती पहिल्यापासून सांगावी लागेल, नाहीतर बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय असंच तुम्हाला वाटायचं.

मनोरमाचं माहेर माणगावकडचं. लग्नानंतर लालबागच्या चाळीत बरीच वर्षं काढली, मग ती खोली विकून नवराबायको भाईंदरला नवघरात वन रूम किचनमध्ये आली. मूल झालं नाही. त्याचं रडगाणं तिनं कधी चारचौघांत गायलं नाही, पण बहिणीच्या मुलीवर, आनंदीवर, तिचा जीव होता हे सगळ्या नातेवाइकांना ठाऊक. मीरा रोडच्या एका हॉस्पिटलात ती साफसफाईच्या बायकांवर मुकादम होती. बाहेरची चप्पल ऑपरेशन थिएटरात आणली तर ती डॉक्टरलाही सोडायची नाही. याच तिखटपणावर खूश होऊन निकेतभाईंनी तिला आपल्याकडे उचललं.

निकेतभाई शहांचा भाईंदर पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत गाळा होता. बाटल्यांची झाकणं बनवायचे. हॉलंडची एक कंपनी त्यांच्याशी भागीदारीला तयार झाली. सलाईनच्या नळ्या इथे जोडायच्या आणि परदेशी पाठवायच्या. मशीन आणि पैसा त्यांचा, गाळा आणि माणसं आपली. गाळ्याच्या पोटात एक अख्खी काचेची खोली उभी राहिली. धुळीचा कण आत जाऊ नये म्हणून एकामागे एक दोन दारं, गाळून सोडलेली हवा, पांढरे झगे, टोप्या, तोंडाला मास्क. तिला इंग्रजीत काय म्हणतात ते बायकांना शिकवून झालं होतं. पण त्यांनी तिला काचखोली म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं.

हॉलंडहून यान नावाचा इंजिनिअर यायचा. इतका उंच की गाळ्याच्या दारातून वाकून आत शिरायचा. मशीन बसलं त्या दिवशी निकेतभाईंनी सत्यनारायण घातला. यानच्या हातावर तीर्थ दिलं तेव्हा त्यानं हळूच मनोरमाला विचारलं, पाणी फिल्टरचं आहे ना? मनोरमाचं इंग्रजी बेताचंच, पण यस मात्र ठणठणीत. पाणी नळाचं होतं. त्याला काही झालं नाही. जाताना तो सांगून गेला की अक्षय्य तृतीयेला मी परत येतोय. त्या दिवशी पहिला माल आपण मिळून पॅक करू आणि सगळ्या बायकांच्या हातात कायमच्या नोकरीचं पत्र देऊ. अक्षय्य तृतीया हा शब्द त्यानं निकेतभाईंकडून घोकून घेतला होता, आणि तो उच्चारताना त्याची जी त्रेधा उडायची ती बघून बायका मास्कआड हसायच्या.

बायका निवडायचं काम मनोरमाचं होतं. घरी बसून चेन आणि बक्कलं जोडणाऱ्या नवघरच्या बायका तिनं गोळा केल्या, पिंकी, नीलम आणि इतर. आणि एक मात्र ती माणगावहून घेऊन आली. आनंदीला.

आनंदीचा नवरा हायवेवरच्या अपघातात गेला. त्यानंतर ती आणि तिची मुलगी सान्वी दिराच्या घरात राहत होत्या. राहत होत्या म्हणजे काय, राबत होत्या. पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचं आणि सगळ्यांच्या नंतर जेवायचं. वर जाऊबाई भात वाढताना हात आखडणार. मनोरमा स्वतः तिकडे गेली आणि ओसरीवर बसून दिराला म्हणाली, मी हिला न्यायला आलेय. दीर काही वाईट तोंडाचा नव्हता, पण थंड होता. तो म्हणाला, न्या. पण तिकडची नोकरी नाही लागली आणि परत आली, तर मग पुन्हा बाहेर पडायला हा उंबरा ओलांडायचा नाही. जन्मभर इथे आम्ही सांगू तसं. मनोरमा म्हणाली, माझ्या शब्दावर नेतेय. नाही लागली नोकरी तर मीच आणून सोडीन.

असं बोलून गेली बाई. तेव्हा मशीन बसलेलं होतं, यानची तारीख ठरलेली होती. शब्द द्यायला काय लागतं?

आनंदी नवघरला आली. सान्वीला शाळेत घातलं. आणि काचखोलीत पहिल्याच आठवड्यात सगळ्यांच्या लक्षात आलं की हिचे हात काही वेगळेच आहेत. नळीचं टोक जोडात बसवायचं, पिळायचं, ओढून बघायचं, पुढे सरकवायचं, हे इतर बायका एकदा करेपर्यंत आनंदी पुढच्याला हात घालायची. मनोरमाची छाती फुगायची.

मग तो एप्रिल आला. काश्मीरात फिरायला गेलेल्या माणसांना गोळ्या घातल्या. बायकापोरांसमोर. सगळं नवघर टीव्हीला डोळे लावून बसलं होतं, आणि शेडग्यांच्या घरात त्या संध्याकाळी चूल पेटली नाही. मनोरमा मेलेल्यांसाठी रडली, अगदी घरचं कुणी गेल्यासारखी. पण ते आपल्या काचखोलीच्या दाराशी येऊन उभं राहील, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

अक्षय्य तृतीयेला यान आला नाही. कंपनीनं या देशाचा सगळा प्रवास थांबवला होता. मग मे महिन्यात लढाईच्या बातम्या, भोंग्यांची तालीम, विमानतळं बंद. मनोरमा गुणवंतरावांवरच चिडली. गोळ्या तिकडे झाडल्या, कारखाना इकडे, संबंध काय? गुणवंतरावांनी पेपर बाजूला ठेवला. ते म्हणाले की हे परदेशी पैसेवाले नकाशा घेऊन बसतात, त्यात धोक्याचा रंग भरतात आणि रंग अख्ख्या देशाला एकच देतात. हॉलंडातून बघणाऱ्याला काश्मीर काय आणि आपल्या शेजारचं काशीमिरा काय. त्यांचा विनोद होता, पण हसलं कुणी नाही.

निकेतभाईंनी मात्र धीर दिला. मनोरमाबेन, टेन्शन नको, दोन महिन्यांची गोष्ट आहे. तोपर्यंत ते तिथूनच बघणार. हे तिथूनच बघणं म्हणजे कॅमेरा.

करवंटीएवढा, काळा, गुळगुळीत. काचखोलीच्या छताला अगदी मधोमध तो बसवला. शेजारी एक छोटा स्पीकर. कॅमेऱ्याला मान होती. बाई दारातून आत आली की तो कुर्र करून तिच्याकडे वळायचा आणि ती जागेवर बसेपर्यंत तिच्या पाठी पाठी यायचा. पहिले काही दिवस तर मजाच वाटली. स्पीकरमधून यानचा आवाज यायचा, नमस्ते मनोरमा, आणि ती टोपी नीट करून छताला नमस्ते करायची. तो हसायचा. पिंकीनं तर एकदा त्याला डब्यातला लाडू उचलून दाखवला.

मग एक दिवस आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यानंतर कधीच नाही. कॅमेरा मात्र वळत राहिला.

आता सांगा, बोलणाऱ्या माणसाचं काही वाटत नाही. न बोलता बघत राहणाऱ्याचं काय करायचं? मनोरमा रोज सकाळी नमस्ते म्हणायची आणि उत्तराची वाट बघत क्षणभर थांबायची. वर फक्त तो काळा डोळा. हळूहळू बायकांचं हसणं बंद झालं. मग बोलणं कमी झालं. काचखोलीत गाळलेल्या हवेची घरघर तेवढी ऐकू यायची आणि मध्येच कुर्र. प्रत्येकीला वाटायचं, आपल्याच मानेवर कुणाचा तरी श्वास पडतोय. नीलम डबा खाताना भिंतीकडे तोंड करून बसायला लागली. सुट्टीनंतर रस्त्यानं चालतानाही बायका मागे वळून बघायच्या. यान असेल तर बोलेल ना, नीलम म्हणाली, हा यान नाहीच, हा दुसराच कुणी आहे. तिला मनोरमानं झापलं. पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तिच्याही डोक्यात तेच घोळायचं.

आणि तो डोळा सगळ्यात जास्त बघायचा तो आनंदीकडे. इतरांकडे वळायचा, पुन्हा फिरून आनंदीवर येऊन थांबायचा. तासन्‌तास. आनंदीला आधी ते आवडलं होतं. ती घरी सान्वीला सांगायची, साहेब माझंच काम बघतात गं, पत्र पहिलं मलाच मिळणार. मग तिचा चेहरा उतरायला लागला. जेवण जाईना. अंगात बारीक ताप राहू लागला. डॉक्टरनं रक्त तपासलं, त्यात काही नाही. आणि तिचे ते हात, ते थरथरायला लागले. नळी जोडातून निसटायची. वर कुर्र व्हायचं आणि आनंदी आणखी घाबरायची.

बायकांनी निदान कधीच केलं होतं. दृष्ट लागली पोरीला. एवढं कुणी एकटक बघेल तर दगडही उकलेल, हिचं काय?

मनोरमानं घरी दृष्ट काढली. मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या मुठीत घेऊन आनंदीवरून उतरवल्या आणि गॅसवरच्या तव्यात टाकल्या. असा ठसका उठला की शेजारचे पंढरीनाथ खोकत जिन्यात धावले. आता ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, दृष्ट खरी असेल तर मिरच्या जळल्या तरी ठसका येत नाही. ठसका आला म्हणजे इथे दृष्ट नाही. पुन्हा अमावास्येला काढली. पुन्हा ठसका. तेव्हा मनोरमाच्या मनानं घेतलं की घरात नाहीच ती. ती जिथे लागलीय तिथेच बसलीय. ज्याची लागली त्याच्यासमोरच काढायला हवी.

काचखोलीत काडेपेटी न्यायलासुद्धा बंदी होती आणि हा नियम बायकांना मनोरमानंच पाठ करून घेतला होता. म्हणून तर तिला तीन दिवस झोप लागली नाही. पण आनंदी उभ्या उभ्या वाळत होती. यान किंवा त्याच्या जागी जो कुणी होता, तो ते थरथरते हात बघत होता. असल्या हातांना कोण पत्र देणार? आणि पत्र नाही म्हणजे माणगाव.

शनिवारी दिवेलागणीला बाकीच्या बायका गेल्या. मनोरमानं गेटवरच्या रोशन इस्त्रीवाल्याकडून लोखंडी घमेल्यात निखारे मागून आणले, वर राख पसरली आणि दोन्ही दारं ओलांडून आत आली. आनंदीला पांढऱ्या झग्यात, टोपीत, मास्कसकट खोलीच्या मधोमध स्टुलावर बसवलं, बरोबर कॅमेऱ्याच्या खाली. डोळे मीट म्हणाली. बाहेरचा उजेड काचांतून निळा झाला होता.

तिनं मुठी आवळल्या, हात एकमेकांवर तिरके धरले आणि आनंदीच्या डोक्यापासून पायापर्यंत उतरवायला लागली. आल्यागेल्याची, ओळखीच्याची, परक्याची. ओठांतल्या ओठांत. आणि वर कुर्र झालं. तिनं न राहवून नजर उचलली. कॅमेरा तिच्या मुठींबरोबर फिरत होता. मुठी खाली गेल्या, तो खाली वाकला. मुठी वर आल्या, तो वर आला. डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे.  हात थांबवता येईनात, कारण अर्धी दृष्ट सोडायची नसते. तिनं सातही फेरे पुरे केले आणि शेवटी जे कधी कुणी म्हटलं नसेल तेही म्हटलं, परमुलखातल्याची असेल तर तीही जळून जाऊ दे. आणि मुठी निखाऱ्यांवर सोडल्या.

मोहरी तडतडली. मिरच्या काळ्या पडून वळल्या. धूर उठला, दाट, पांढरा, आणि वर जाऊन छताखाली पसरला. आणि ठसका आला नाही. दोघींपैकी एकीलाही नाही. मनोरमानं मास्क खाली ओढून मुद्दाम श्वास घेतला. काही नाही. वासच नव्हता. डोक्यावर धुरात कॅमेरा दिसेनासा झाला होता, पण तो आत चाचपडत असल्यासारखा कुर्र, कुर्र वाजत होता. मग थांबला. धूर विरला तेव्हा भिंग थेट मनोरमाच्या तोंडाकडे होतं.

सोमवारी आनंदी उठली ती ताप नसलेली. दोन पोळ्या खाल्ल्या. कामावर बसली आणि हात पूर्वीसारखे चालायला लागले. मनोरमानं मनोमन देवाला नारळ बोलला.

त्याच आठवड्यात हॉलंडचं पत्र आलं. निकेतभाईंनी सगळ्यांना बाहेर बोलावून वाचून दाखवलं. तेथील सुरक्षेची परिस्थिती पाहता कंपनी हा प्रकल्प थांबवत आहे. कायमचा. निकेतभाईंच्या तोंडावर रंग नव्हता.  आणि मनोरमाच्या कानात एकच गोष्ट घणाघात करत होती, तेथील सुरक्षेची परिस्थिती. तिनं तिकडच्या माणसाच्या डोळ्यांनी ती संध्याकाळ बघितली. अंधारी खोली, तोंड बांधलेल्या दोन बायका, एक डोळे मिटून बसलेली, दुसरी मुठी फिरवतेय, आग, धूर. आधीच घाबरलेल्या माणसानं असलं काही बघितल्यावर तो दुसरं काय समजणार?

ती गप्प बसू शकली असती. नाही बसली. त्याच संध्याकाळी सगळ्या बायकांना घरी बोलावून तिनं सांगितलं की धूर मी केला, तुमची नोकरी मी घालवली. नीलम खूप बोलली, बोलू नये तेही बोलली. पिंकी रडत निघून गेली.  त्या दिवसापासून आनंदी मावशीशी मोजकंच बोलायची, आणि मनोरमाला नीलमच्या शिव्यांपेक्षा तेच जास्त लागायचं.

बायका पुन्हा चेन आणि बक्कलांकडे गेल्या. आनंदीनं दिवाळीपर्यंत चार ठिकाणी प्रयत्न केले. कुठे महिन्याभराचं काम, कुठे तेही नाही. मनोरमा म्हणत होती, राहा गं इथेच, आम्हाला काय तुझं जड झालंय? पण आनंदीच्या अंगात मावशीचाच ताठा होता. तुझ्या शब्दावर आले होते मावशी, ती म्हणाली, आता तो शब्द राहिला नाही, मला सोडून ये. तुळशीच्या लग्नानंतरचा दिवस ठरला.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी निकेतभाईंचा फोन आला. मशीन उचलायला गाडी येणार होती. त्याआधी ते झाकून ठेवायला आणि काचखोली आवरायला हात हवा होता. मनोरमा गेली. गाळ्यात सामसूम. काचखोलीत धुळीचा थर बसलेला, खुर्च्या उलट्या टांगलेल्या. तिनं आतलं दार ढकललं.

कुर्र.

 सगळं बंद पडलं होतं, पण त्याची वायर कुणी काढली नव्हती. तो तिच्याकडे वळला आणि बघत राहिला. इतके महिने हा इथे एकटा बघत बसला होता? कशाकडे? मनोरमा भिंतीला टेकली, मग हळूहळू चालत त्याच्या खाली जाऊन उभी राहिली आणि हात जोडले. मराठीतच बोलली, कारण आता कुठली भाषा आणि कुठलं काय. म्हणाली की साहेब, ती आग नव्हती, ते आमच्यात पोरीसाठी करतात. चूक माझी होती. पोरीची नव्हती. तिला उद्या मी कुठे सोडायला निघालेय ते तुम्हाला माहीत नाही. तुम्ही एकदा बोला हो. एकदा काहीतरी बोला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि वर तो काळा डोळा तिच्या जोडलेल्या हातांवर स्थिर होता.

"मनोरमाबेन, कुणाशी बोलताय?"

दारात निकेतभाई उभे होते. तिनं सगळं सांगितलं, धुरासकट. ते ऐकताना निकेतभाई एक उलटी खुर्ची सरळ करून बसले, धुळीतच. मग त्यांनी सांगितलं ते असं. परवा यानचा फोन आला होता. त्यानं ती कंपनी सोडलीय, आणि मनाला लागलं म्हणून त्यानं स्वतःहून फोन केला. हल्ल्यानंतर थोड्याच आठवड्यांत वरच्या लोकांनी या देशातलं सगळं नवं काम गोठवलं होतं. यानला दुसऱ्या देशाच्या कामाला जुंपलं. भाईंदरच्या पडद्यासमोरची खुर्ची रिकामी झाली. कागद सह्यांसाठी या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला आणि मिळाला तो श्रावणात. आवाज बंद झाला त्या दिवसापासून तिकडे बघणारं कुणीही नव्हतं.

"तुमचा धूर कुणी बघितलाच नाही," निकेतभाई म्हणाले. "आपलं काहीच कुणी बघितलं नाही."

मनोरमाला समजेना. मग हा वळत कुणाच्या सांगण्यावरून होता? निकेतभाई म्हणाले, आपोआप. जे हलेल त्याच्याकडे तो वळतो. जास्त हलेल त्याच्यावर थांबतो. एवढं सांगून ते गाडीवाल्याला फोन करायला बाहेर गेले.

मनोरमा अगदी स्तब्ध उभी राहिली. श्वासही धरला. थोड्या वेळानं कॅमेरा तिच्यावरून सरकला आणि मान खाली घालून झोपल्यासारखा झाला. तिनं उजवा हात हलवला. तो आला. हात थांबवला. तो गेला. डावा हलवला. आला. ती बराच वेळ तशीच उभी राहून त्याला बोलावत आणि घालवत होती, आणि मग तिला आनंदीचे हात आठवले. सगळ्या खोलीत सगळ्यात भराभर चालणारे. मिरच्यांच्या धुराला वास का नव्हता, हे मात्र तिला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही.

खरं तर तिच्या डोक्यावरचं ओझं उतरायला हवं होतं. तिनं काही केलंच नव्हतं. पण घरी परतताना तिला जे वाटत होतं ते तिनं फक्त गुणवंतरावांना सांगितलं, तेही पुष्कळ दिवसांनी. ती म्हणाली की त्यापेक्षा माझी चूक असती तर बरं झालं असतं हो. चूक असली की निदान कुणीतरी बघितलेलं असतं.

घरी आनंदी बॅग भरत होती. सान्वी शाळेची वही घेऊन कोपऱ्यात बसली होती. मनोरमानं पाणी प्यायलं आणि सांगायचंच म्हणून तिच्यासमोर बसली. शब्द जुळवत होती तेवढ्यात आनंदीच बोलली, कित्येक महिन्यांनी, स्वतःहून.

"मावशी, तू धूर केला नसतास, तर मिळालं असतं मला पत्र?"

मनोरमा तिच्या हातांकडे बघत राहिली. ते घड्या घालत होते, चटचट, एकही सुरकुती न ठेवता. खरं सांगितलं तर पोरीचा तिच्यावरचा राग जाणार होता. आणि मग त्या हातांना काय उरणार होतं? एका रिकाम्या खोलीत, रिकाम्या खुर्चीसमोर चाललेले महिने. माणगावच्या त्या घरात तेवढंच बरोबर घेऊन जायचं?

"मिळालं असतं," ती म्हणाली. "पहिलं तुझंच होतं. आज निकेतभाईंनी सांगितलं. तुझ्यासारखा हात त्यांनी कुठे पाहिला नव्हता. मीच घालवलं सगळं."

आनंदीनं हातातली साडी खाली ठेवली. "म्हणजे खरंच माझ्याकडे बघत होते?"

"रोज बघत होते. सगळ्यात जास्त तुझ्याकडेच."

आनंदीचे डोळे भरून आले. रागानं की कशानं ते तिलाच ठाऊक. तिनं मावशीकडे पाहिलं नाही. तिनं कोपऱ्यातल्या सान्वीला जवळ ओढलं, तिचे केस मागे सारले आणि म्हणाली, "ऐकलंस ना? तुझ्या आईचं काम ते हॉलंडातून बघायचे."